रास्त भाव कोणासाठी?

‘रास्त भाव’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत दोन विरुद्ध अर्थांनी नांदतो, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. रेशनच्या दुकानावर ‘रास्त भावाचे दुकान’ अशी पाटी असते. इकडे मध्य प्रदेशात तिलाच ‘उचित मूल्य की दुकान’ म्हणतात. तेथे रास्त भाव म्हणजे खाणाऱ्याला परवडणारा, अर्थात कमी भाव. शरद जोशी यांनी १९८० साली चाकणच्या कांद्यापासून जे आंदोलन उभे केले, त्यातही मागणी रास्त भावाचीच होती. पण तेथे त्याचा अर्थ पिकवणाऱ्याचा उत्पादनखर्च भरून काढणारा, अर्थात अधिक भाव असा होता. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या काळात केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद ठेवली, तेव्हा हे दोन अर्थ पुन्हा एकदा समोरासमोर उभे राहिले. शहरातल्या गृहिणीला जो निर्णय न्याय्य वाटला, तोच लासलगावच्या शेतकऱ्याला अन्याय वाटला. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिकच होते.

गेल्या तीन-चार दशकांत पाश्चात्त्य देशांतल्या दुकानांत या शब्दाचा तिसरा अवतार प्रकटला आहे. तेथे कॉफी, चॉकलेट, केळी यांच्या वेष्टनांवर ‘फेअर ट्रेड’ असा शिक्का असतो. हा माल घेणारा ग्राहक आपण होऊन चार पैसे अधिक मोजतो आणि ते दूर देशीच्या गरीब शेतकऱ्यापर्यंत पोचतील असा विश्वास बाळगतो. येथे भांडणच दिसत नाही. भाव वाढवा म्हणून शेतकरी रस्त्यावर बसलेला नाही. विकत घेणाराच म्हणतो आहे की, मला इतके स्वस्त नको. हे ऐकून कोणालाही बरे वाटेल. तरीही एक प्रश्न मनातून जात नाही : हे जे अधिक पैसे दिले जातात ते दाम आहेत की दान? दोन्हींत शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम कदाचित सारखीच असेल. पण दाम हा हक्क असतो आणि दान ही देणाऱ्याची मर्जी असते.

या शिक्क्याचे पहिले नाव एका कादंबरीच्या नायकावरून पडले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाही. एदुआर्द दौवेस डेकर हा डच वसाहतीतला एक सरकारी अधिकारी. १८५६ साली जावा बेटावरील लेबाक या जिल्ह्यात साहाय्यक रेसिडेंट म्हणून त्याची नेमणूक झाली. तेथील देशी सरदार रयतेकडून वेठबिगार घेतो, तिच्या म्हशी बळकावतो, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने रीतसर तक्रार केली. वरिष्ठांनी सरदाराऐवजी त्यालाच समज दिली आणि दुसरीकडे बदलीचा हुकूम काढला. त्याने राजीनामा दिला. ज्यांची हयात सरकारी नोकरीत गेली आहे त्यांना यातले काही परके वाटणार नाही. परके वाटेल ते एवढेच की, त्याने खरोखरच राजीनामा दिला. पुढे १८६० मध्ये ‘मुलतातुली’ या टोपणनावाने त्याने ‘माक्स हावेलार’ ही कादंबरी प्रसिद्ध केली आणि हॉलंडमध्ये खळबळ उडाली.

त्या काळची जावातील व्यवस्था मुळातून समजून घेण्यासारखी आहे. १८३० पासून डच सरकारने असा नियम केला होता की, गावाने आपल्या जमिनीचा सुमारे पाचवा हिस्सा कॉफी, ऊस, नीळ अशा निर्यातीच्या पिकांखाली ठेवावा आणि ते पीक सरकार ठरवील त्या भावाने सरकारलाच द्यावे. प्रत्यक्षात पाचव्या हिश्शाची मर्यादा अनेक ठिकाणी पाळली गेली नाही. युरोपीय अधिकारी आणि देशी सरदार या दोघांनाही पिकाच्या प्रमाणात टक्केवारी मिळे. रयतेच्या रक्षणासाठी नेमलेला माणूसच तिच्या पिकात भागीदार! मग तक्रार ऐकणार कोण?

परंतु मला या कादंबरीत त्या जुलमी सरदारापेक्षाही महत्त्वाचा वाटतो तो आम्स्टरडॅममधला कॉफीचा दलाल ड्रोखस्टोपल. तो कोणाला छळत नाही, चोरी करीत नाही, देवाधर्माला धरून असतो, हिशेबाला चोख असतो. लिलावात जो भाव फुटेल तो देतो आणि आपला व्यवहार स्वच्छ आहे असे मानतो. कॉफी कोणी, कशी पिकवली हा त्याच्या वहीतला विषयच नाही. अन्याय करणारा हात आणि त्या अन्यायाचा लाभ घेणारा हात यांच्यामध्ये दोन समुद्रांचे अंतर पडले की दुसरा हात स्वतःला निर्मळ समजू लागतो. फेअर ट्रेडच्या पुरस्कर्त्यांनी नेमके या दुसऱ्या हातावर बोट ठेवले, हे त्यांचे श्रेय मान्य करावेच लागेल.

१९८८ साली हॉलंडमध्ये ‘माक्स हावेलार’ या नावाचा शिक्का सुरू झाला, तो मेक्सिकोतील ओआहाका प्रांतातल्या डोंगराळ भागातील आदिवासी कॉफी उत्पादकांच्या मागणीतून. फ्रान्स फान देर होफ हे डच धर्मगुरू त्यांच्यात राहत होते. १९८३ साली या शेतकऱ्यांनी ‘उसिरी’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी आपली संघटना स्थापन केली. तेथे गावोगाव फिरून कॉफी उचलणाऱ्या दलालांना ‘कोयोटे’, म्हणजे कोल्हे म्हणतात. अडत्यांना आपल्याकडेही लोक नावे ठेवतात, पण इतके नेमके नाव क्वचितच सापडेल. संघटनेने माल एकत्र केला, वाहतूक आपल्या हाती घेतली आणि परदेशी खरेदीदाराशी सरळ बोलणी केली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : तुमच्या देणग्या नकोत, आमच्या कॉफीला योग्य भाव द्या. १९६८ साली नवी दिल्लीत भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेत गरीब देशांचा सूर हाच होता आणि ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही शेतकरी संघटनेची घोषणाही हेच सांगते. इतक्या दूरदूरच्या माणसांनी एकमेकांना न विचारता एकच वाक्य बोलावे, यात काहीतरी तथ्य असलेच पाहिजे.

हा योग्य भाव ठरतो कसा, हे पाहण्यासाठी कॉफीच्या बाजाराची चाल थोडी जाणून घ्यावी लागते. ज्वारीचा भाव पडला तर शेतकरी पुढच्या हंगामात दुसरे काही पेरू शकतो. कॉफीचे झाड लावल्यावर तीन-चार वर्षांनी फळते आणि पुढे कितीतरी वर्षे फळतच राहते. भाव पडला म्हणून ते उपटून टाकणे म्हणजे घराचे वासे काढणे. म्हणून कॉफीची मंदी एकदा आली की लवकर हटत नाही. १९६२ साली कॉफी पिकवणाऱ्या आणि पिणाऱ्या देशांनी मिळून एक आंतरराष्ट्रीय करार केला. त्यात प्रत्येक देशाने किती माल बाजारात आणावा याची मर्यादा ठरवलेली होती, जेणेकरून भाव एका पट्ट्यात राहावा. अमेरिकेने या कराराला दिलेल्या पाठिंब्यामागे भूतदयेपेक्षा साम्यवादाची धास्ती अधिक होती, हे उघड आहे. जुलै १९८९ मध्ये ही मर्यादा उठली आणि काही महिन्यांतच भाव जवळजवळ निम्म्यावर आला. पुढे व्हिएतनामची कॉफी बाजारात मोठ्या प्रमाणावर उतरली. २००१ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या बाजारात एका पौंडाला ५० सेंटही मिळेनात. त्या वेळी फेअर ट्रेडचा किमान भाव १.२६ डॉलर होता आणि त्यात ५ सेंट गावाच्या सामाईक कामांसाठी असत. बाजारभावाच्या अडीचपट रक्कम ही काही थोडीथोडकी गोष्ट नव्हे.

या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. १९८८ साली शिक्का आला आणि १९८९ साली करार मोडला. सरकारांनी मिळून केलेला करार, त्यातले सारे दोष धरूनही, प्रत्येक कॉफी उत्पादकाला थोडाफार आधार देत होता. तो गेला आणि त्याच्या जागी जी व्यवस्था उभी राहिली ती फक्त त्या शेतकऱ्यांपुरती, ज्यांची संघटना आहे, ज्यांना प्रमाणपत्राचा खर्च झेपतो आणि ज्यांचा माल घेण्याची परदेशातल्या एखाद्या सुजाण ग्राहकाला इच्छा होते. ती इच्छा पुरेशी नसेल तर प्रमाणित संस्थेचा उरलेला माल साध्या बाजारात साध्या भावानेच जातो. मी जन्मभर नियमांच्या पुस्तकावर जगलेला माणूस आहे, तेव्हा माझा कल कोणीकडे असेल हे वाचकांनी ओळखलेच असेल. जे सर्वांना नियमाने मिळायला हवे ते काहींना कोणाच्या चांगुलपणाने मिळू लागते, तेव्हा चांगुलपणाचे कौतुक जरूर करावे. पण नियम गेल्याचे दुःख विसरू नये.

यावर अर्थशास्त्र शिकलेली तरुण मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. विकणारा राजी, घेणारा राजी, मग भाव अन्याय्य कसा? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात व्यापाऱ्याच्या नफ्याला मर्यादा घालून दिली : देशी मालावर शेकडा पाच, परदेशी मालावर शेकडा दहा. म्हणजे दोघांची राजीखुशी एवढ्याने भाव रास्त होतो, असे त्याला वाटत नव्हते. पण न्याय्य नफ्याचा आकडा पाचच का, सात का नाही, याला उत्तर नाही. फेअर ट्रेडच्या किमान भावाचेही तेच. तो २०११ मध्ये १.४० डॉलर झाला, ऑगस्ट २०२३ मध्ये १.८० झाला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये साध्या बाजाराचाच भाव ४ डॉलरच्या वर गेला. त्या दिवशी १.८० चा ‘रास्त’ आकडा कोणाच्या उपयोगाचा होता? म्हणून रास्तपणा आकड्यात शोधणे मला व्यर्थ वाटते. तो राजीखुशीतच शोधला पाहिजे, पण ती राजीखुशी खरी आहे का, हे तपासून.

हे तपासायला मेक्सिकोला जावे लागत नाही. आमच्या माळव्याचे निर्यातीचे पीक म्हणजे सोयाबीन. त्याचे तेल देशात राहते आणि पेंड परदेशी जाते. आश्विन-कार्तिकात इंदूर, उज्जैन, देवास यांपैकी कोणत्याही मंडीच्या दाराशी उभे राहावे. शेतकरी पहाटेपासून ट्रॉली घेऊन रांगेत असतो. ट्रॉली पुष्कळदा भाड्याची. लिलाव पुकारला जातो, माल ओला आहे, काडीकचरा आहे असे सांगत भाव खाली येतो. त्याला हा भाव नाकारण्याचा कायदेशीर अधिकार पूर्णपणे आहे. कोणीही त्याचा हात धरलेला नाही. पण नाकारले तर माल परत न्यायचा, भाडे पुन्हा भरायचे, साठवायला कोरडी जागा नाही, गव्हाचे बियाणे घ्यायचे आहे आणि सोसायटीचा हप्ता थकला आहे. तो मान हलवतो. त्या मान हलवण्याला अर्थशास्त्रात संमती म्हणतात. सहकार खात्यातल्या नोकरीत मी ही संमती इतक्या वेळा पाहिली आहे की, त्या शब्दावरचा माझा विश्वास जवळजवळ उडाला आहे.

येथे आपल्या घराण्यांविषयीही थोडे बोलणे भाग आहे. या पत्रिकेच्या वाचकांपैकी पुष्कळांचे पूर्वज शिंदे-होळकरांच्या सैन्याबरोबर वा दप्तराबरोबर नर्मदा ओलांडून आले. कमाविसदारी, इनामे, जहागिरी यांच्या कथा आपण अभिमानाने सांगतो. एकोणिसाव्या शतकात या संस्थानांच्या वैभवाचा मोठा आधार माळव्याची अफू हा होता. इंदूर-उज्जैनच्या पेढ्या शेतकऱ्याला पेरणीपूर्वी उचल देत, पीक आपल्या ताब्यात घेत आणि तो माल मुंबईमार्गे चीनला जाई. इंग्रज सरकार १८३० च्या सुमारापासून त्यावर परवान्याचे शुल्क घेई, संस्थाने आपला कर घेत. १९०७ साली चीनशी करार होऊन हा व्यापार क्रमाक्रमाने मिटवण्यात आला. खसखशीच्या बोंडाला चिरा देणाऱ्याला यातले किती मिळाले हे आपल्या घरच्या बखरींत लिहिलेले नाही. आणि कॅन्टनमध्ये ती अफू ओढून जे झिजले त्यांचा उल्लेख तर कोठेच नाही. आम्स्टरडॅमच्या त्या दलालाला हसण्यापूर्वी मला आपले जुने वाडे आठवतात.

म्हणून फेअर ट्रेडमधली मला सर्वांत मोलाची वाटणारी तरतूद वेष्टनावर कोठेच दिसत नाही. किमान भावापेक्षाही ती महत्त्वाची आहे. संस्थेने मागितल्यास खरेदीदाराने कराराच्या रकमेपैकी ६० टक्क्यांपर्यंत रक्कम आगाऊ दिली पाहिजे, असा तो नियम. हंगामाच्या तोंडी हातात पैसा असला की कोयोट्याच्या दारी जावे लागत नाही. सुकवलेली कॉफी काही महिने टिकते. गोदाम असले तर आजचा भाव आज नाकारता येतो. विकणाऱ्याला ‘नाही’ म्हणता आले आणि तरीही तो ‘हो’ म्हणाला, तर तो भाव रास्त. माझ्यापुरती मी ही व्याख्या धरली आहे. ती केळीला लागू पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. कापलेला घड कोणासाठी थांबत नाही, म्हणून केळीवाल्याला गोदामापेक्षा आधीच केलेल्या पक्क्या कराराची गरज अधिक.

आणि ही व्याख्या मजुराला लावली की सारी इमारतच हलते. लंडनच्या सोॲस या संस्थेतील अभ्यासकांनी इथिओपिया आणि युगांडात चार वर्षे पाहणी करून २०१४ साली अहवाल दिला. फेअर ट्रेडच्या सहकारी संस्था असलेल्या भागांत शेतावर राबणाऱ्या मजुरांची स्थिती इतर भागांतील मजुरांपेक्षा चांगली तर नाहीच, मजुरीच्या बाबतीत पुष्कळदा वाईट आहे, असे त्यांना आढळले. फेअर ट्रेडवाल्यांनी या निष्कर्षांना हरकत घेतली. तो वाद बाजूला ठेवला तरी मुद्दा उरतोच. लहान शेतकरी म्हणजे गरीब, असे आपण गृहीत धरतो. पण कॉफी तोडायला तोही माणसे लावतो, आणि त्यांना जमीन नसते, संस्थेत मत नसते, सामाईक निधी कोठे खर्च व्हावा हे सांगण्याचा अधिकार नसतो. मळ्यांवरच्या मजुरांना सामावून घ्यावे की नाही, या प्रश्नावरून २०११ मध्ये अमेरिकेतील संस्था मूळ संघटनेतून बाहेर पडली. मळेवाल्यांना शिक्का मिळाला तर लहान शेतकरी मरेल, असे एक पक्ष म्हणाला. मजुराला वगळून न्याय कसला, असे दुसरा म्हणाला. मला दोघांचेही पटते, आणि दोघांचे एकाच वेळी कसे साधावे हे मला सुचत नाही. आपल्या सहकारी साखर कारखान्यांच्या सभासदाला आणि त्याच कारखान्याच्या ऊसतोडणी मजुराला पाहिलेल्या मराठी माणसाला ही अडचण नवी नाही.

राहता राहिला माझा तो नियमांवरचा विश्वास. त्यालाही घानाने मोठा धक्का दिला. कोकोच्या या देशात १९४७ पासून सरकारी मंडळ भाव ठरवते आणि निर्यात त्याच्याच मार्फत होते. हेतू हा की बाजाराच्या लहरींपासून शेतकऱ्याचे रक्षण व्हावे. २०१९ साली घाना आणि आयव्हरी कोस्ट यांनी मिळून चॉकलेट कंपन्यांकडून टनामागे ४०० डॉलर जादा घेण्याचे ठरवले, तेव्हा कॉफीच्या जुन्या कराराची आठवण येऊन मला आनंदच झाला होता. मग २०२४ साली कोकोचा जागतिक भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला. घानाच्या शेतकऱ्याच्या घरी दिवाळी व्हायला हवी होती; पण मंडळाने बराच माल जुन्या, कितीतरी खालच्या भावाने आगाऊ विकून ठेवला होता आणि शेतकऱ्याला ठरलेलाच भाव मिळत राहिला. सरकारने तो पुढे वाढवला, तरी सरहद्दीपलीकडे त्याहून अधिक मिळत होते. तेव्हा रात्रीच्या वेळी पोती टोगो आणि आयव्हरी कोस्टच्या वाटेला लागली. मंडळ याला चोरटा व्यापार म्हणते आणि कायद्याने ते बरोबरच आहे. ज्याला आयुष्यभर एकाच खिडकीवर माल द्यावा लागला, त्याला ‘नाही’ म्हणायला सापडलेली ती पहिलीच वाट होती.